तीन पाय, एक डोळा

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. तीन पाय आहेत, पण चालत नाही. डोळा एकच, तोही टोपण लावून झाकलेला. पोटात बाजाच्या पेटीसारखा भाता आहे, पण सूर काही निघत नाही. पाठीवर काळं फडकं घेतो आणि सगळं जग उलटं बघतो. सांगा बरं, कोण?

आमच्या मुक्ताईनगरच्या शाळेत चौथीच्या वर्गाला हे कोडं घातलं, तेव्हा पहिलं उत्तर आलं, "बुजगावणं!" दुसरं आलं, "भूत!" तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा मात्र हळूच म्हणाला, "बाई, आमच्या माळ्यावर आहे तसं एक." त्याचं उत्तर बरोबर होतं. ती वस्तू म्हणजे जुना लाकडी कॅमेरा. त्या माळ्यावरच्या कॅमेऱ्याचं पुढे काय झालं ते सांगणारच आहे, पण आधी या तीन पायांच्या पाहुण्याची नीट ओळख करून घेऊ.

इंग्रजीत याला फील्ड कॅमेरा म्हणतात. फील्ड म्हणजे शेत, म्हणून हा शेतातला कॅमेरा, असं समजू नका हं! स्टुडिओबाहेर, उघड्या रानात, डोंगरावर, देवळापाशी नेता येईल असा घडीचा कॅमेरा, एवढाच त्याचा अर्थ. पुढे एका फळीवर पितळी नळीत बसवलेलं भिंग. मागे एक चौकट आणि तिच्यात धुरकट, घासलेली काच. या दोहोंच्या मध्ये चामड्याचा किंवा कापडाचा भाता. खालच्या पाटावर पितळी पट्टी असते, तिच्यावर दाते असतात. खटका फिरवला की भिंग मागेपुढे सरकतं. काम झालं की सगळं मिटवायचं, वरून कडी लावायची, की झाली जाडजूड पुस्तकाएवढी पेटी! वर चामड्याचा पट्टा असायचा, तो धरून फोटोग्राफर निघाला गावोगाव.

मागच्या काचेवर समोरचं दृश्य पडतं ते मात्र उलटं. डोकं खाली, पाय वर. उजवं डावीकडे, डावं उजवीकडे. यात जादू काही नाही. प्रकाश सरळ रेषेत जातो. झाडाच्या शेंड्याकडून येणारा किरण भिंगातून खाली जातो आणि बुंध्याकडून येणारा वर जातो. पटत नसेल तर घरीच करून बघा. बुटांचं रिकामं खोकं घ्या. एका बाजूला सुईनं बारीक भोक पाडा. समोरची बाजू कापून तिथे तेल लावलेला पातळ कागद ताणून चिकटवा. अंधाऱ्या खोलीत भोकासमोर मेणबत्ती लावा. कागदावर ज्योत खाली डोकं करून उभी दिसेल. (मेणबत्ती पेटवायला मोठ्या माणसाला बोलवा. खोकं कागदाचं आहे, विसरू नका.) फोटोग्राफर काळं फडकं का घेतो, तेही आता कळलं ना? बाहेरचा उजेड असला तर काचेवरचं फिकं चित्र त्याला दिसणार कसं?

काचेवर चित्र दिसलं, पण ते टिकवायचं कसं? त्याची गोष्ट आमच्या खानदेशातच सापडते. भुसावळ स्टेशनात अनेकांनी गाडी बदलली असेल. या भुसावळच्या दफनभूमीत रॉबर्ट गिल नावाच्या एका इंग्रज मेजरची कबर आहे. ईस्ट इंडिया कंपनीनं १८४४ साली त्याला अजिंठ्याच्या लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला पाठवलं. तो अजिंठ्यालाच राहिला आणि वर्षानुवर्षं अंधाऱ्या लेण्यांत बसून मोठमोठी तैलचित्रं काढत राहिला. ती चित्रं विलायतेला गेली, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली आणि १८६६ च्या डिसेंबरात तिथे आग लागून बहुतेक सगळी जळून गेली. एवढ्या वर्षांची मेहनत! पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्सनं आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ साली लंडनच्याच दुसऱ्या आगीत गेल्या.

पण गिलनं आणखी एक काम करून ठेवलं होतं. त्याच्या हाती कॅमेरा आला होता. लेण्यांचे दर्शनी भाग, खांब, मूर्ती यांचे त्यानं फोटो घेतले. कितीतरी फोटो जोडीजोडीचे होते, म्हणजे दोन डोळ्यांना दिसतात तसे, किंचित वेगळ्या दोन बाजूंनी घेतलेले. खास दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहिलं की खांब खरोखर पुढे आल्यासारखा वाटतो. १८६४ साली त्याच्या फोटोंची दोन पुस्तकं लंडनला निघाली. तैलचित्र एकच असतं, ते जळालं की संपलं. एका काचेवरून मात्र कागदावर कितीही फोटो छापता येतात. म्हणून गिलचे फोटो आजही आहेत. गिल १८७९ साली वारला.

त्या काळचं फोटो काढणं म्हणजे स्वयंपाकापेक्षा मोठा खटाटोप. काचेच्या तुकड्यावर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण पसरायचं, काच चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि ती वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. काच वाळली की काम फुकट. ही पद्धत १८५१ साली निघाली ती थंड हवेच्या इंग्लंडात. आमच्या जळगाव-भुसावळकडच्या वैशाखात तर धुतलेला सदरा पिळता पिळता वाळतो! तिथे त्या ओल्या काचा सांभाळणाऱ्यांचे काय हाल होत असतील, कल्पना करा.

मग १८७१ साली डॉ. मॅडॉक्स यांनी जिलेटिनची कोरडी काच शोधून काढली. पुढच्या दहा वर्षांत अशा तयार काचा दुकानात डब्यांत मिळू लागल्या. तंबू गेला, बाटल्या गेल्या. कॅमेरा आणि काचा घेतल्या की माणूस बाहेर पडायला मोकळा. फील्ड कॅमेऱ्याचे खरे दिवस इथून सुरू झाले. इंग्लंडात सुतारकाम आणि पितळकाम करणाऱ्या कितीतरी कारखान्यांनी ते बनवले. बर्मिंगहॅमच्या लँकेस्टरनं तर प्रचंड संख्येनं. सँडरसन हा मुळात केंब्रिजचा कोरीव काम करणारा सुतार. त्याला जुन्या चर्चचे फोटो काढायचा नाद. उंच कळसाचा फोटो घेताना कॅमेरा वर केला की इमारत मागे पडल्यासारखी दिसते. तुमच्या घरच्या मोबाइलमधून देवळाच्या शिखराचा फोटो काढा, तसंच होईल. सँडरसननं भिंगाची फळी वर सरकेल, मागेपुढे कलेल अशा पितळी पट्ट्या बसवल्या आणि १८९५ साली त्याचं पेटंट घेतलं. कॅमेरा सरळ उभा, फक्त भिंग वर! इमारत ताठ येते. मला या माणसाचं फार कौतुक वाटतं. आपल्या नादापायी आपल्याच हातानं हत्यार सुधारायचं, ही खरी कारागिरी.

हे कॅमेरे आपल्याकडे आले तेव्हा वेगळीच पंचाईत झाली. महोगनी लाकूड आणि सरस! पावसाळ्यात सांधे फुगायचे, उन्हाळ्यात सुटायचे. भात्याला कसर लागायची. मग कारखान्यांनी उष्ण देशांसाठी खास कॅमेरे काढले. लाकूड सागवानी, सांध्यांना सरसाच्या जोडीला स्क्रू आणि कोपऱ्याकोपऱ्याला पितळी पट्ट्या. लाल भाता आणि पिवळंधमक पितळ असलेला असा सागवानी कॅमेरा दिसतोही फार देखणा. आज जमवणारे लोक साध्यापेक्षा याला जास्त भाव देतात.

आणि सगळेच लाकडी कॅमेरे विलायती होते असं नाही बरं का! केरळात आलप्पुळा, म्हणजे जुनं अलेप्पी, तिथे वाद्यं दुरुस्त करणारं एक कुटुंब होतं. १९४० च्या दशकात एक फोटोग्राफर फाटलेला भाता घेऊन त्यांच्याकडे आला. बाजाच्या पेटीचा भाता शिवतात, मग कॅमेऱ्याचा का नाही शिवणार? त्या घरातल्या करुणाकरन नावाच्या मुलानं तो शिवला, कॅमेरा खोलून बघितला आणि पुढे स्वतःच बनवायला घेतला. त्याचं नाव 'वागीश्वरी'. सागवान आणि पितळ यांचा हा कॅमेरा देशभरच्या स्टुडिओंत गेला. तुमच्या आजी-आजोबांचा लग्नानंतरचा, खुर्चीवर ताठ बसलेला फोटो घरात असेल तर तो अशाच एखाद्या कॅमेऱ्यानं काढलेला असू शकेल.

आता माळ्याकडे वळू. त्या मुलाच्या घरी कॅमेरा विकायला काढला होता. त्याच्या पणजोबांचा तो कॅमेरा. ते तालुक्याच्या बाजारांत, जत्रांत, लग्नांत, शाळांत फोटो काढायचे. भंगारवाल्यानं बघितला, पितळ हातात तोलून पाहिलं आणि किलोचा भाव सांगितला. लाकूड त्याच्या हिशेबी सरपण! मुलाच्या वडिलांना शंका आली, म्हणून ते शाळेत आले. म्हणाले, "बाई, अँटिक म्हणतात ते हेच का? लाखाला जाईल का?"

अशा वेळी दोन्ही टोकं चुकतात. भंगारवाला फक्त वजन बघतो आणि आपण फक्त वय बघतो. जुनं म्हणजे महाग, हे खरं नाही. लँकेस्टरचे साधे कॅमेरे शंभर वर्षांहून जुने आहेत, पण एवढे बनले की त्यांना भाव बेताचाच येतो. मग बघायचं काय? आधी नाव शोधायचं. भिंगाच्या नळीवर गोल अक्षरं कोरलेली असतात आणि लाकडावर छोटी पट्टी ठोकलेली असते. कधी कधी कॅमेऱ्याचं नाव आणि भिंगाचं नाव वेगळं असतं. ते बिघडलेलं नव्हे, भिंग पुष्कळदा दुसऱ्याच कंपनीचं घेतलेलं असायचं. मग मागची धुरकट काच शाबूत आहे का? प्लेट ठेवायच्या लाकडी चौकटी सोबत आहेत का? त्या हरवलेल्या असतात आणि पुन्हा मिळवणं कठीण. भाता तपासायची युक्ती मुलांना फार आवडली. रात्री दिवे मालवायचे, भात्याच्या आत बॅटरी लावून ठेवायची आणि बाहेरून बघायचं. भोकं असतील तर भाता चांदण्यासारखा चमकतो!

भिंगात पांढरी जाळी दिसली तर ती बुरशी. लाकडाखाली पिठासारखी भुकटी पडत असेल तर आत किडा आहे, तो कॅमेरा बाकी लाकडी वस्तूंपासून लगेच वेगळा ठेवा. आणि आईबाबांना हात जोडून सांगा, दिवाळीच्या भांड्यांबरोबर याचं पितळ घासू नका. त्यावर कारखान्याचा मूळ मुलामा असतो. चिंच, पितांबरी, नवं व्हार्निश, काही काही लावायचं नाही. चकचकीत केलेल्या कॅमेऱ्याला जमवणारा माणूस कमी पैसे देतो. मऊ कोरड्या कुंचल्यानं धूळ झटकली, बास!

नकलीही पुष्कळ आहेत. हल्ली हॉटेलात, दुकानाच्या काचेत शोभेसाठी नवेच 'जुने' कॅमेरे मांडतात. ते ओळखणं सोपं आहे. त्यांना मागे प्लेट घालायला जागाच नसते, भाता धड सरकत नाही. आणि स्क्रू बघा. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकात आले. १८९० चा म्हणून सांगितलेल्या कॅमेऱ्याला सगळीकडे फुलीचे स्क्रू असतील तर दुकानदाराला नमस्कार करून पुढे चालावं.

हे सगळं बरोबर असलं तरी सर्वांत जास्त किंमत कशाची येते? २०१० साली ऑस्ट्रियात व्हिएन्ना इथे एका लाकडी पेटीचा लिलाव झाला. १८३९ चा, जिरू या फ्रेंच माणसानं बनवलेला कॅमेरा. ७ लाख ३२ हजार युरोंना गेला! फोटोची युक्ती जगापुढे आणणाऱ्या दागेरची त्यावर सही होती. २०२२ साली एक लायका कॅमेरा १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. हा लाकडी नाही, धातूचा आणि मुठीएवढा. पण तो लायका घडवणाऱ्या ऑस्कर बार्नाकचा स्वतःचा होता आणि त्याचं नाव त्यावर कोरलेलं होतं. म्हणजे पैसे लाकडाचे नाहीत, पितळाचे नाहीत आणि वयाचेही नाहीत. हा कोणाच्या हातात होता हे पक्कं माहीत आहे, त्याचे ते पैसे.

वडिलांना मी तेच विचारलं. कॅमेऱ्यावर 'वागीश्वरी' असं नाव होतं. तो लाखाला काही जाणार नव्हता, हे त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांचा चेहरा जरा उतरला. मग विचारलं, "यानं काढलेल्या काचा कुठे आहेत?" ते म्हणाले, "त्या काळपट काचा? आहेत एका ट्रंकेत. थोड्या आजीनं खरवडून धुतल्या आणि देवाच्या फोटोंना लावल्या." आजी शेजारीच होत्या. म्हणाल्या, "काच काय फेकून द्यायची व्हती का? मले काय ठाऊक त्याच्यात माणसं हायेत!" आजींना कोण दोष देईल? जगभर हेच झालंय. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या फोटोंच्या कितीतरी काचा काचघरांच्या छपरांना लागल्या असं सांगतात.

ट्रंकेत एकोणीस काचा उरल्या होत्या. आम्ही वर्गात एकेक काच कडांना धरून खिडकीशी उभी केली. मागे पांढरा कागद. मुलं आधी हसली, कारण सगळ्यांची तोंडं काळी आणि केस पांढरेशुभ्र! मग मोबाइलवर फोटो घेऊन रंग उलटे केले, आणि माणसं नीट झाली. एका काचेवर शाळेतल्या मुलांची रांग होती. दोन लग्नं होती. आणि तीन काचांवर पूर्णाकाठचं एक गाव होतं. पार, पारावर म्हातारे, घाटाच्या पायऱ्या, पायरीवर कपडे धुणाऱ्या बायका. हतनूरचं धरण १९८२ साली पूर्ण झालं. त्याचं पाणी तापीत आणि पूर्णेत मागे चढलं आणि काठच्या वस्त्या उठून वर गेल्या. तो पार आता पाण्याखाली आहे. गावातल्या एका आजोबांना तो फोटो दाखवला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग पायऱ्यांवर बोट ठेवून त्यांनी मोजायला सुरुवात केली. कोणती पायरी कोणाच्या घरासमोर, ते सांगत गेले आणि मुलं वहीत लिहीत गेली. त्या दिवशी गणिताचा तास झाला नाही.

म्हणून तुमच्या घरी काचा निघाल्या तर कॅमेऱ्याआधी त्या सांभाळा. काचेची एक बाजू चकचकीत असते, दुसरी मंद. चित्र मंद बाजूवर असतं. तिला पाणी लावायचं नाही, फडकंही लावायचं नाही, बोटही नाही. प्रत्येक काच वेगळ्या कागदात गुंडाळून, आडव्या थप्पीत न ठेवता खोक्यात लांब कडेवर उभी ठेवायची. कागदावर पेन्सिलीनं लिहायचं, कोण, कुठे, कधी. आधी लिहायचं आणि मग काच गुंडाळायची, नाहीतर पेन्सिलीच्या दाबानं काच तडकेल.

पालकांसाठी एक गोष्ट. शंभर वर्षांहून जुन्या, इतिहासाच्या दृष्टीनं मोलाच्या वस्तूंसाठी १९७२ चा कायदा आहे. अशी वस्तू खाजगी माणसाला परदेशी विकता येत नाही, तेव्हा कोणी बाहेरचं मोठं गिऱ्हाईक आणतो म्हणाला तर सावध राहा. विकायचं नसेल आणि सांभाळताही येत नसेल तर संग्रहालयाला विचारा. दिल्लीजवळ गुरुग्रामला २०१९ पासून 'म्युझिओ कॅमेरा' नावाचं कॅमेऱ्यांचंच मोठं संग्रहालय आहे. आणि आपल्या मुंबईचे दिलीश पारेख यांनी तर १९७७ पासून एकट्यानं ४४२५ कॅमेरे जमवून गिनीज बुकात नाव नोंदवलं होतं!

त्या मुलाचा कॅमेरा सध्या आमच्या वर्गाच्या कपाटात आहे. तो वडिलांनी शाळेला दिलेला नाही, फक्त ठेवायला दिलाय, असं आजींनी दोनदा बजावून सांगितलंय. तुमच्या माळ्यावर, आजोळी किंवा गावच्या बंद स्टुडिओत असा कॅमेरा असेल तर संपादकांच्या पत्त्यावर मला पत्र लिहा. भिंगावरची अक्षरं जशीच्या तशी उतरवा. मागच्या काचेची लांबी-रुंदी इंचांत मोजा. पावणेपाच बाय साडेसहा भरली तर हाफ प्लेट आणि साडेसहा बाय साडेआठ भरली तर फुल प्लेट. तो कोणी वापरला, कुठे कुठे नेला, हे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहा. हे शेवटचं या सुट्टीतच विचारा.